चाक निवडण्याआधी वाट पाहावी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात सकाळी लाँचवरून मासळी उतरू लागली, की जेटीवर चाकांची गडबड सुरू होते. बर्फ आणि मासळीचे क्रेट वाहणाऱ्या हातगाड्यांची चाके थोराड असतात. ओल्या, खाचखळग्यांच्या काँक्रीटवर लहान चाक अडते, हे गाडीवाल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. त्याच्या खांद्यांनीच ते त्याला शिकवलेले असते. घरातील वृद्ध माणसासाठी चाकांची खुर्ची घ्यायला आपण जातो, तेव्हा मात्र हे साधे शहाणपण दुकानाच्या पायरीवर ठेवून आत शिरतो. गादी मऊ आहे का, घडी होते का, किंमत किती, हे सारे विचारतो. चाकांकडे आपले लक्ष जात नाही. आणि माणूस कुठवर जाऊ शकेल, हे तर चाकेच ठरवतात.

आमच्या घरातील एक वडीलधारे गृहस्थ, त्यांना येथे नुसते काका म्हणू, उमेदीची सारी वर्षे लाँचवर तांडेल होते. अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडल्यावर त्यांच्या इच्छा दोनच उरल्या : सकाळी पडवीतून खळ्यात यावे आणि संध्याकाळी जेटीवर जाऊन कोणाच्या लाँचला काय मिळाले ते पाहावे. त्यांच्यासाठी आणलेली खुर्ची चकचकीत होती. पुढची चाके मात्र जेमतेम पाच इंचांची, अरुंद आणि दगडासारखी टणक होती. घरातील लादीवर ती पाण्यासारखी वाहत असे. एका संध्याकाळी उतारावर, गटाराच्या दोन झाकणांमधील फटीत पुढचे चाक रुतले. खुर्ची जागच्या जागी थांबली. काका थांबले नाहीत. हाड मोडले नाही, गुडघे सोलवटले, एवढ्यावर निभावले. पण त्यानंतर जवळजवळ सहा महिने ते उंबरठ्याबाहेर पडले नाहीत. ‘बाहेर नको’ एवढेच म्हणत आणि तोंड भिंतीकडे फिरवीत. वृद्ध माणसाच्या बाबतीत पडण्याची भीती ही पडण्याहून लहान दुखापत नसते, हे घरात शुश्रूषा करणाऱ्या आपणांस सांगायला नको.

उत्तर सापडले ते अनपेक्षित ठिकाणी. मे महिन्याच्या सुटीत पुण्याहून नातू आला, तो काखेत चार चाकांची लांबलचक फळी घेऊन. लाँगबोर्ड म्हणतात तिला. स्केटबोर्डची ही थोरली बहीण. फळीवर उभे राहून मुले रस्त्याने घरंगळत जातात. आपल्या वयाच्या माणसांना हा प्रकार पाहूनच घाम फुटतो, हे मान्य. तरी त्या मुलाला चाकांविषयी जे ठाऊक होते, ते खुर्ची विकणाऱ्याने आम्हांला सांगितले नव्हते. त्याने खुर्चीचे पुढचे चाक बोटांनी फिरवले, अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि म्हणाला, ‘आजोबा, ही चाकं मॉलसाठी आहेत. आपल्या गल्लीसाठी नाहीत.’

फळीच्या चाकांत तो तीन गोष्टी पाहत असे : व्यास, रुंदी आणि टणकपणा. टणकपणा मोजण्यासाठी शोर नावाचे माप असते. त्याच्या ‘ए’ श्रेणीत आपला रबरबँड २५-३० च्या आसपास भरतो, मोटारीचा टायर ६०-७० च्या घरात. गुळगुळीत सिमेंटवर कसरती करणारी मुले साधारण ५२ मिलिमीटर व्यासाची आणि ९९ च्या पुढच्या टणकपणाची चाके लावतात. लाँगबोर्डवरून साध्या रस्त्याने दूर जाणाऱ्यांची चाके ७० मिलिमीटरच्या आसपास असतात आणि टणकपणा ७८-८० इतका मऊ. कारण सरळ आहे. टणक चाक सपाट जागी वेगाने पळते, पण खरखरीत जागी प्रत्येक खड्यावर उसळते. जोर पुढे जाण्याऐवजी थरथरण्यात खर्च होतो. मऊ चाक खडा पोटात घेते. पूर्वी या फळ्यांना मातीची भाजलेली किंवा पोलादी चाके असत आणि एखाद्या खड्यावर चाक अडले, की मुलगा फळीच्या पुढे जाऊन पडे. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली आणि त्या खेळाचे रूपच पालटले. काकांचे पडणे आणि त्या मुलांचे पडणे, दोन्हींचे मूळ एकच होते.

आता थोडे गणित. समोर दोन सेंटिमीटर उंचीची कड आहे असे धरा. आपल्याकडील अनेक उंबरठे याहून उंच असतात. आठ इंच व्यासाच्या चाकाला ती ओलांडण्यासाठी, चाकावर जेवढा भार आहे त्याच्या सुमारे पाऊणपट जोर आडवा लावावा लागतो. चार इंची चाकाला तोच जोर भाराच्या सव्वापटीहून अधिक लागतो. दोन इंची चाकाला जवळजवळ पाचपट, म्हणजे व्यवहारात ते चढतच नाही, अडते. शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते आणि तीही बरेचदा साठी ओलांडलेली. तिच्या कंबरेवर पडणारा हा फरक आहे.

म्हणून खुर्ची ठरवण्यापूर्वी एक काम करावे. ज्यांच्यासाठी ती घ्यायची, त्यांना विचारावे, आपणांस कुठे कुठे जावेसे वाटते? मग त्या वाटेने स्वतः चालत जावे आणि पायाखाली पाहावे. मिरकरवाड्यातील एका घरापुरते बोलायचे, तर दोनशे पावलांत जमीन चार-पाच वेळा बदलते.

आत लादी असते. येथे पाच-सहा इंची, टणक पुढची चाके उत्तम. ती थोडक्या जागेत वळतात. केवळ घरातच राहणाऱ्या माणसाला याहून अधिक काही नको. बाहेर खळे आणि जांभ्याची फरसबंदी. जांभा हा छिद्राछिद्रांचा दगड. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. येथे पुढची चाके आठ इंचांची, रुंद आणि मऊ रबराची किंवा पॉलियुरेथेनची हवीत. हादरे कमी बसतात हा केवळ सुखाचा प्रश्न नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाचे ताठरलेले स्नायू हादऱ्याने आणखी आखडतात. माणूस नकळत खुर्चीत पुढे सरकतो, कातडी घासली जाते आणि बैठकीच्या जखमांना निमित्त मिळते. हाडे ठिसूळ झालेल्यांचा कणा तर हादऱ्यांपासून जपावाच लागतो. त्यापुढे गल्लीतील काँक्रीट, गटाराची झाकणे, समुद्राकडे जाणारा उतार. झाकणांवरील जाळीच्या फटींपेक्षा चाकाची रुंदी अधिक हवी. हे दुकानात जाण्यापूर्वी फूटपट्टीने मोजता येते. आम्ही ते नंतर मोजले.

पाखाडीला मात्र चाकाचे उत्तर नाही. दगडी पायऱ्यांवरून खुर्ची उतरवण्याचे धाडस एकट्याने करू नये. दोन धट्टीकट्टी माणसे हवीत, नाहीतर दुसरी वाट. दोन-तीन पायऱ्यांच्या ओट्याला उतरंड बांधता येते. तिचे प्रमाण १ : १२ धरावे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १८० सेंटिमीटर लांबी. गवंडी याहून निम्मी लांबी पुरे म्हणतो. त्याचे ऐकू नये, त्याला खुर्ची ढकलायची नसते.

आणि वाळू. एकीकडे मांडवीची काळसर वाळू, दुसरीकडे पांढरा समुद्र, आणि दोन्हींत साधी खुर्ची सारखीच रुतते. वाळूत चाकाचा घेर आणि रुंदी दोन्ही हवेत. फुग्यासारख्या रुंद टायरांच्या खास खुर्च्या त्यासाठीच असतात. ती नसेल, तर भरतीच्या पाण्याने घट्ट झालेल्या पट्ट्यापर्यंत खुर्ची उलटी फिरवून, पुढची चाके किंचित उचलून, मागच्या मोठ्या चाकांवर ओढत न्यावी. ढकलण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे जाते. ज्यांच्या हातांत बळ आहे, अशांसाठी आयआयटी मद्रासच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या निओमोशन या कंपनीने ‘निओबोल्ट’ नावाचा विजेवर चालणारा पुढचा भाग तयार केला आहे. तो जोडला, की खुर्चीची पुढची लहान चाके जमिनीवरून उचललीच जातात आणि एक मोठे चाक त्यांची जागा घेते. लहान चाकाचा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

मागच्या चोवीस इंची चाकांत हवेचा टायर घ्यावा की भरीव? हवेचा टायर हादरे चांगले शोषतो, वजनाने हलका असतो. पण पंक्चर होतो आणि हळूहळू बसतो. भरीव टायर निर्धास्त, मात्र कडक. खडबडीत वाटेने रोज जायचे असेल आणि घरात हवा भरणारे कोणी असेल, तर माझे मत हवेच्या टायरकडे झुकते. परंतु एक गोष्ट विसरू नये. खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. हवा कमी झाली, की ब्रेकची पकड सैल होते, आणि खाटेवरून खुर्चीवर बसवताना, ब्रेक लावलेला असूनही, खुर्ची मागे सरते. हवेचा दाब किती हवा ते टायरच्या कडेवरच लिहिलेले असते. हे पाक्षिक हाती आले, की त्या दिवशी हवा आणि ब्रेक तपासावा, असा नेम आमच्याकडे आहे.

समुद्रकाठी आणखी एक शत्रू असतो, खारा वारा. फळीच्या चाकांत ‘६०८’ क्रमांकाचे बेअरिंग असते, आतून ८ आणि बाहेरून २२ मिलिमीटरचे. खुर्च्यांच्या पुढच्या अनेक चाकांत हेच बेअरिंग बसते, हे पाहून नातवाला फार आनंद झाला. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेले, शक्यतो स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. जेटीवरून आल्यावर चाके गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत. पाण्याची धार बेअरिंगवर सोडू नये. खोबरेल तेलाचा मोह आपल्याकडे सर्वांनाच होतो. त्याने दोन दिवस आवाज जातो, नंतर धूळ चिकटून लगदा होतो. मिरकरवाड्यात तर जाळ्यांचे नायलॉनचे धागे जागोजागी पडलेले असतात. ते चाकाच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि चाक जड होते. महिन्यातून एकदा कात्रीने सोडवावेत.

चाल सांभाळणारेही शिकावे लागते. उंच कडेसमोर थेट आदळू नये. मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाके उचलावीत, ती पलीकडे टेकवावीत, मग मागची चढवावीत. तीव्र उतारावर खुर्ची उलटी करावी आणि आपण खालच्या बाजूला राहून मागे पाहत उतरावे. काकांच्या वेळी आम्ही सरळ उतरत होतो.

वॉकरलाही हेच नियम लागू आहेत. घरातल्या चाकांच्या वॉकरची पाच इंची चाके अंगणात अडखळतात. बाहेर फिरायचे, तर आठ इंच किंवा मोठी चाके आणि हातात ब्रेक असलेली चारचाकी वॉकर हवी. कंपवाताच्या रुग्णाला मात्र ती पुढे पळून पाडू शकते, म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. न्हाणीघरातील कमोडखुर्चीच्या चारही चाकांना कुलूप असावे. ओल्या लादीवर टणक प्लॅस्टिकची चाके, ब्रेक लावूनही, घसरतात.

खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी : महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. त्यात चाकांची खुर्ची आणि वॉकर बसतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. आणि जुनी खुर्ची टाकून देण्याचे कारण नाही. पुढची चाके आणि त्यांचे चिमटे बदलता येतात. मात्र मोठे चाक लावले, की खुर्चीची पुढची बाजू उंचावते, ब्रेक आणि पाय ठेवण्याची जागा पुन्हा जुळवावी लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

काकांच्या खुर्चीला आठ इंची, रुंद, मऊ चाके बसली तेव्हा जून उजाडला होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. लाँच किनाऱ्याला लागलेल्या, जेटी रिकामी. काका म्हणाले, आता जाऊन पाहायचे काय? आम्ही आग्रह केला नाही. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा खळ्यात एक फेरी, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग गटाराच्या त्या झाकणांपर्यंत. तेथे त्यांनी डावा हात वर करून थांबवले. चाक फटीवरून जाते का, हे त्यांना वाकून स्वतः पाहायचे होते. गेले.

नारळी पौर्णिमेला ते जेटीवर होते. चाकांविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. शेजारच्या लाँचला दिलेला नवा रंग कसा वाईट आहे, एवढेच अर्धा तास सांगत राहिले.