परभणीच्या इतिहासाची साधने मोबाइलवर

परभणीच्या आधुनिक इतिहासाची बहुतेक मूळ साधने परभणीबाहेर आहेत. हा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होता, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे त्याचे दप्तर हैदराबाद, मुंबई आणि दिल्लीत विखुरले आहे. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे शाळा-महाविद्यालये व ग्रंथालये बंद झाली, तेव्हा स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवलेली साधनेच इतिहासाच्या शिक्षकाला घरबसल्या उपलब्ध होती.

त्यांतले सर्वांत सोयीचे साधन म्हणजे गॅझेटिअर. 1908 च्या ‘इम्पीरिअल गॅझेटिअर ऑफ इंडिया’चा एकोणिसावा खंड परभणीच्या नोंदींवरच संपतो. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त तो वाचता येतो. महाराष्ट्र शासनाचे परभणी जिल्हा गॅझेटिअर 1967 चे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ गॅझेटिअरला जोड देतात.

बालभारतीच्या आठवी-नववीच्या पुस्तकांत ‘इतिहासाची साधने’ हा पहिलाच धडा आहे. तो या गॅझेटिअरांच्या पानांवर प्रत्यक्ष करून दाखवता येतो. विद्यार्थ्यांना अख्खा खंड पाठवला तर मोबाइलचा डेटा संपतो. म्हणून एकाच पानाचे छायाचित्र आणि सोबत मराठी सारांश पाठवणे बरे. मग तीन प्रश्न: हे कोणी लिहिले, केव्हा आणि कशासाठी? 1908 चा ग्रंथ ब्रिटिश अमदानीत, राज्यकारभाराच्या सोयीसाठी तयार झाला. 1967 चा स्वतंत्र महाराष्ट्रात. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचा इतिहास अर्थातच दुसऱ्यातच मिळतो.

चौथा प्रश्न हद्दीचा. जुन्या नोंदीतल्या परभणीत हिंगोली येते. 1981 मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूरकडचा भाग गेला, आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. म्हणून 1901 च्या जनगणनेतील लोकसंख्या आजच्या नऊ तालुक्यांच्या आकड्यांशेजारी तशीच मांडली, तर निष्कर्ष चुकतो. आधी तालुके जुळवायचे, मग आकडे.

घरचे कागदही साधनेच आहेत. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. त्यांचा माग काढला की वाटणी, खरेदी, वारसा यांची ओळ लागते. संस्थानी काळातले बरेच कागद उर्दूत असल्याने ते मात्र जाणकाराला दाखवावे लागतात. सातबाऱ्यावर खातेदारांची नावे व बोजा असतो. म्हणून त्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. स्मार्टफोन अनेक घरांत एकच असतो, तो वडिलांसोबत शेतात वा कामावर जातो. यंत्राने वाचलेल्या मजकुरात आकडे चुकतात, त्यामुळे मूळ पानाशी ताडून पाहावे लागते. शिवाय गॅझेटिअर हे सरकारी चष्म्यातून लिहिलेले. शेतमजुराचा किंवा बाईमाणसाचा आवाज त्यात क्वचित येतो. तो आजी-आजोबांना विचारून, उत्तर शब्दशः लिहून आणि नोंदीखाली तारीख टाकून मिळवावा लागतो.