अंगणातील शाळा आणि भरतीचा हिशेब

अध्यापनात आमूलाग्र परिवर्तन घडविण्याची भाषा आज अनेक व्यासपीठांवरून ऐकू येते, आणि ती बोलणाऱ्या शिक्षकांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या भाषेचा अर्थ प्रत्यक्ष व्यवहारात कसा उतरतो हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने आमच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनाहून बरेच उत्तरेस, परंतु याच कोकणपट्टीत, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे १९४५ साली सुरू झालेल्या ग्रामबालशिक्षा केंद्राचा इतिहास अवश्य अभ्यासावा.

या केंद्राच्या संस्थापिका ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे मानाचे प्राचार्यपद सोडून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम पत्करले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवर दोघांचीही श्रद्धा होती. ही पद्धती १९०७ साली रोममधील श्रमिकांच्या वस्तीत, अगदी गरिबांच्या मुलांसाठी जन्मास आली होती. आपल्याकडे मात्र तिची साधने महाग पडत, आणि त्यामुळे ती शहरांतील सुखवस्तू घरांपुरती राहण्याचा धोका होता. ती खेड्यात न्यावयाची तर तिचे तत्त्व राखून तिचा सारा सरंजाम बदलावा लागेल, हे ताराबाईंनी ओळखले.

बोर्डीत बालवाडी उघडली, तरी ज्यांच्यासाठी ती मुख्यत्वे उघडली त्या दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तेथे येईनात. अशा वेळी पालकांच्या अनास्थेवर ठपका ठेवून हजेरीपट बंद करणे सोपे असते. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी तसे न करता बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली, आणि ती अंगणवाडी झाली. तेथे मुलांना न्हाऊ घालावे, नखे कापावी, केस विंचरावे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ घ्यावेत, असा क्रम असे. आणि शिंपले, चिंचोके, खडे, बांबूच्या कांड्या, पाने-फुले हीच त्यांची गणिताची व भाषेची साधने झाली.

पुढे काही वर्षांनी हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा वारली मुलांच्या जीवनक्रमाने आणखी दोन प्रश्न उभे केले. मुले दिवसभर गुरे-शेळ्या राखीत. म्हणून शिक्षक त्यांच्यामागून कुरणात गेले आणि कुरणशाळा निर्माण झाली. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, त्यामुळे तिला शाळेत येता येत नसे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. ज्या गोष्टींस शिक्षणखात्याच्या दप्तरी अडथळे म्हटले गेले असते, त्यांच्याभोवतीच या दोघींनी शाळेची रचना केली, आणि त्यांच्या प्रतिभेचे मर्म मला येथेच दिसते.

सरकारदरबारी या कार्याचा गौरव झाला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि पुढे अनुताईंना पद्मश्री हा किताब मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिची केंद्रे अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात; आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाचा एक सलग पायाभूत टप्पा मानला, ही कल्पना विकासवाडीच्या विचाराशी निकटचे नाते सांगते.

आता आमच्या मुलखाचा विचार करू. येथे खाडी आहे, सुपारीच्या वाड्या आहेत, मासेमारी आहे. आणि या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब चालत आला आहे, तो असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजता आणि अष्टमीस सहा वाजता भरती, हे दर्यावर जाणाऱ्याच्या घरातील मूल शाळेत जाण्यापूर्वीच ऐकते. जुन्या शाळांत घोकून घेतलेली पाऊणकी येथे जिवंत होते. या हिशेबाने भरती रोज पंचेचाळीस मिनिटांनी पुढे जाते, प्रत्यक्षात मात्र सरासरीने सुमारे पन्नास मिनिटांनी. हा फरक मुलांनी किनाऱ्यावर नोंदी ठेवून स्वतः शोधला, तर अपूर्णांकापासून चंद्राच्या गतीपर्यंत एक सबंध सत्र त्या एका निरीक्षणातून शिकविता येईल.

यंत्रसाधनांचा मी विरोधक नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली; हे औदार्य आणि ती कल्पकता दोन्ही वंदनीय आहेत. परंतु त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, घरांची छपरे उडाली, वाड्या भुईसपाट झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती, आणि महामारीमुळे मोबाइलवर आलेली शाळा आमच्याकडे त्या काळात पोहोचूच शकली नाही. अशा प्रसंगी मुलांपर्यंत चालत जाणारा शिक्षकच उपयोगी पडतो, आणि कोसबाडची शिकवण आजही लागू पडते ती याच कारणाने.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, आमच्या तालुक्यात शिक्षणाची कोणतीही नवी तजवीज मांडली गेली, की तिच्या खर्चाचा आणि साधनांचा तपशील पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा : घरी धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या मुलीस या तजविजीमुळे शाळेत येता येईल काय? कोसबाडने या प्रश्नाचे उत्तर दिले होते. आपणही ते देऊ शकलो, तर शिक्षण बदलले असे म्हणण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल.