एक्स्चेंजपासून किती लांब?

2009 च्या पावसाळ्यात माझ्या एका तक्रारीचे घोंगडे तीन महिने भिजत पडले होते. बाजारपेठेतल्या मित्राचे आणि माझे ब्रॉडबँडचे बिल एकच, पण त्याला मिळणारा वेग माझ्या चौपट. फोनवर दर वेळी एकच उत्तर मिळे : ‘मॉडेम बंद करून चालू करा.’

शेवटी निवृत्तीला आलेले एक लाइनमनकाका घरी आले. मॉडेमकडे त्यांनी पाहिलेही नाही. तारेच्या जोडीची दोन टोके एकमेकांना जोडली, एक्स्चेंजमधल्या सहकाऱ्याला तिकडून मोजायला सांगितले आणि बिलाच्या पाठीवर आकडा लिहिला : 790 ओहम. ‘अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याची जोडी किलोमीटरला साधारण 176 ओहम रोध दाखवते. भागून बघा, सर.’ उत्तर साडेचार किलोमीटर आले. एक्स्चेंज सरळ रेषेत जेमतेम दोन किलोमीटरवर. पण केबल जुन्या पुलावरून, सगळ्या बाजाराला वळसा घालून आली होती.

या लांबीचा वेगाशी संबंध काय, हे शोधताना माझी एक जुनी समजूत मोडली. डायल-अपच्या काळात 56 केबीपीएसच्या पुढे मजल जात नसे आणि मी दोष तांब्याला देत असे. खरे तर ती मर्यादा तारेची नव्हती. बोलणे समजायला 300 ते 3400 हर्ट्‌झ पुरतात, म्हणून एक्स्चेंज तेवढीच पट्टी पुढे जाऊ देई. वरची प्रचंड पट्टी त्याच तारेत रिकामी पडून होती.

एडीएसएलने ती वापरली. आवाजाच्या वर, सुमारे 1100 किलोहर्ट्‌झपर्यंतच्या पट्टीचे सव्वाचार किलोहर्ट्‌झचे अरुंद कप्पे पाडले. मॉडेम सुरू होताना प्रत्येक कप्प्यातला गोंगाट मोजतो. स्वच्छ कप्प्यात जास्त माहिती भरतो, खराब कप्पा सोडून देतो. आपण दिव्याची उघडझाप बघत बसतो तेव्हा ही तपासणी चाललेली असते. घरातला छोटा स्प्लिटर फोनकडे फक्त आवाज जाऊ देतो. एक्स्चेंजमध्येही तीच फारकत होते : आवाज जुन्या यंत्रणेकडे, वरची पट्टी ‘डीस्लॅम’ नावाच्या कपाटाकडे. त्यातल्या कार्डांवर प्रत्येक ग्राहकासाठी एकेक मॉडेम असतो, आणि शेकडो जोड्यांची माहिती एकत्र होऊन फायबरवरून पुढच्या जाळ्यात जाते. म्हणजे घरापासून कपाटापर्यंतची जोडी आपली एकट्याची. वाटणी कपाटाच्या पुढे सुरू होते. संध्याकाळी सगळ्यांचाच वेग पडतो, तो तिथे.

पाठवण्याचा वेग कमी का, हा प्रश्न मला अधिक रंजक वाटला. आपण पाठवतो थोडे, मागवतो फार, हे खरेच. पण बेलकोर या अमेरिकी संस्थेतल्या जोसेफ लेचलायडर यांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. एक्स्चेंजजवळ शेकडो जोड्या एकाच जाड केबलमध्ये दाटीने असतात. लांबून क्षीण होत आलेला आपला संदेश तिथे शेजारच्या जोडीतल्या ताज्या, जोरकस संदेशाखाली दबतो. दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडला आणि जाण्यायेण्याचे कप्पे वेगळे केले, तर ही कुरबुर बरीच मिटते. ‘असिमेट्रिक’ या शब्दामागे हा व्यवहार आहे.

आता माझे साडेचार किलोमीटर. वारंवारता जितकी जास्त, तितका संदेश तारेत लवकर विरतो. लांबी वाढली की वरचे कप्पे आधी निकामी होतात. पाच किलोमीटरच्या आसपास थोडेच उरतात. बोलणे खालच्या पट्टीत असल्याने आवाज मात्र खणखणीत. म्हणून ‘फोन तर चालतो ना?’ हा प्रश्न निरर्थक होता. 2004 च्या राष्ट्रीय धोरणाने किमान 256 केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. तेवढा मला मिळतच होता. जोडणी देतानाच तारेची लांबी सांगायला हवी होती, एवढे माझे म्हणणे आजही आहे.

काकांनी पुलाजवळचा पाणी शिरलेला जॉइंट नवा केला. वेग थोडा वाढला. मित्राशी बरोबरी झाली नाही, होणारही नव्हती. मी तक्रार मागे घेतली.