बाटलीवर नाव कुणाचं?

शाम्पूची किंवा क्रीमची बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला, तर बऱ्याचदा दोन पत्ते दिसतात. एक माल बनवणाऱ्याचा, दुसरा तो बाजारात आणणाऱ्याचा. पहिला कुठल्याशा औद्योगिक वसाहतीतला असतो आणि गिऱ्हाइकाला तो ठाऊकही नसतो. पैसा आणि नाव जातं दुसऱ्याकडे. पेण तालुक्यातल्या जिते गावात उभं राहिलं तर अशाच अनोळखी पत्त्यांचा जणू शेजारच लाभलाय. वर पनवेलपलीकडे तळोज्याला गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स शाम्पूला फेस आणणारा कच्चा माल बनवते. खाली महाडला प्रिवी ही कंपनी टर्पेंटाइनपासून सुगंधी रसायनं काढते. मधे रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत. फेस एका अंगाला, वास दुसऱ्या अंगाला. या पट्ट्यातल्या बाईच्या वाट्याला मात्र या धंद्यातलं आलं ते पार्लर, आणि पार्लर म्हणजे धंद्याचं शेपूट असा आपला समज. मला तो चुकीचा वाटतो. या उद्योगाचं मूळ भांडवल कारखाना कधीच नव्हता. ‘हे माझ्या चेहऱ्याला लावायला हरकत नाही’ हा बाईचा बाईवरचा भरवसा, हेच ते भांडवल.

इतिहास तेच सांगतो. पोलंडमधल्या क्राकोची हेलेना रुबिनस्टाइन ऑस्ट्रेलियात गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने मेलबर्नमध्ये सलून थाटून क्रीम विकलं. १९२८ मध्ये तिने अमेरिकेतला धंदा लेहमन ब्रदर्स या पेढीला ७० लाखांहून अधिक डॉलरना विकला. पेढीवाल्यांच्या हाती नाव होतं, माल होता, पैसा तर होताच. त्यांनी क्रीम स्वस्त दुकानांमधून सगळीकडे नेलं आणि त्याची पत घालवली. पुढे मंदी आली, शेअर कोसळले, आणि बाईंनी तोच धंदा अगदी थोड्या पैशांत परत घेतला. अमेरिकेतल्याच मॅडम सी. जे. वॉकर यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. त्यांनी केसांच्या मलमाचा कारखाना काढला खरा, पण त्यांची खरी ताकद होती दारोदार जाऊन केस धुऊन, लावून दाखवणाऱ्या हजारो कृष्णवर्णीय विक्रेत्या बायका.

आपल्याकडे लॅक्मे १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने सुरू केली. सिमोन टाटा १९६१ मध्ये तिच्या संचालक मंडळावर आल्या आणि १९८२ मध्ये अध्यक्ष झाल्या. इथे कुणी म्हणेल, त्या टाटांच्या सूनबाई, त्यांना उद्योजक कशाला म्हणायचं? आक्षेप रास्त आहे. भांडवल त्यांचं नव्हतं, जोखीमही घराण्याची. पण लिपस्टिक लावणारी बाई म्हणजे चांगल्या घरातली नव्हे असं मानणाऱ्या, आणि प्रसाधनांवर चैनीच्या वस्तू म्हणून भारी कर लावणाऱ्या देशात हा माल घराघरांत स्वीकारला जाणं पैशाने झालं नसतं. त्यासाठी इथल्या कातडीचा रंग, इथला घाम आणि इथली भीड ओळखावी लागली. १९९८ मध्ये टाटांनी लॅक्मे हिंदुस्थान लिव्हरला विकून टाकली; त्या पैशांतून ट्रेंट, म्हणजे वेस्टसाइडची दुकानं उभी राहिली. २०१२ मध्ये मुंबईत फाल्गुनी नायर यांनी नायका सुरू केली तेव्हा तर कारखान्याचा प्रश्नच नव्हता. गुंतवणूक क्षेत्रातली वरिष्ठ नोकरी सोडून त्यांनी आधी दुकान मांडलं, तेही इंटरनेटवर.

आता पार्लर. पेण-पनवेलकडे आगरी लग्नात हळदीचा दिवस म्हणजे लग्नाइतकाच मोठा. त्या दिवशी नवरीला कोणतं फाउंडेशन चालेल, उकाड्यात ते ओघळेल का, हे पार्लरवाली ताई ठरवते आणि घरातल्या साऱ्या बायका मान डोलावतात. कंपनी जाहिरातीवर कोट्यवधी उधळून जे मिळवू पाहते, ते तिच्याकडे फुकट आहे. म्हणूनच तर ती कंपनीची बिनपगारी विक्रेती ठरते. मग तिने स्वतःचंच क्रीम का विकू नये?

कारण, असं सांगितलं जाईल, भरवसा घातकही असतो. हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींनी स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम वापरलं आणि तिघींच्या मूत्रपिंडांना अपाय झाला. क्रीमच्या तपासणीत पारा निघाला. २०२३ मध्ये या बातमीने बरीच खळबळ उडाली होती. गोरेपणाची हाव मोठ्या कंपन्यांनीच पोसली हे खरं (‘फेअर अँड लव्हली’तला ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं), पण त्याने छोट्या विक्रेतीचा दोष धुतला जात नाही. पापडासारखा घरगुती माल बिघडला तर फेकता येतो. क्रीमचं तसं नाही, म्हणून सरकारने त्याला परवाना लावला हे बरंच केलं.

परवान्याचा बाऊ मात्र गरजेपेक्षा जास्त होतो. २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम जागा, स्वच्छता, तपासणी आणि जाणकार माणूस मागतात. जाणकार म्हणजे पीएच.डी. लागत नाही. डी.फार्म. चालते, रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेलीही चालते. शिवाय ‘लोन लायसन्स’ची सोय आहे: परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावाने माल बनवून घ्यायचा, अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे. दुसऱ्या पत्त्यावर आपलं नाव यायचं तर हा सरळ रस्ता आहे. अडतं ते मालाच्या आकड्यावर. कंत्राटी कारखानदार थोडक्या बाटल्यांसाठी मशीन लावत नाही आणि एका पार्लरला लागतात तेवढ्या थोडक्याच. पण दहा-पंधरा पार्लरवाल्या एका नावाखाली आल्या तर हिशेब बदलतो. पेणचे पापडही घरोघरी लाटले जाऊन एकाच नावाखाली विकले जातातच की.