ज्युदोची पहिली स्पर्धा: नाव देण्यापासून ‘सोरे मादे’पर्यंत

क्लासमध्ये रोज ज्यांच्याशी सराव होतो, त्यांची पकड आणि खोडी आपल्याला पाठ झालेल्या असतात. स्पर्धेत समोर अनोळखी माणूस येतो, घड्याळ लागतं आणि मध्ये पंच उभे राहतात. नवख्याची पहिली लढत ताकदीपेक्षा नियम माहीत नसल्यामुळे जास्त वेळा हातची जाते. म्हणून नाव देण्यापासून निकालापर्यंत काय काय घडतं, ते क्रमाने पाहू.

नाव देण्याआधी

आधी एकच गोष्ट तपासा: आपल्याला पडता येतं का? ज्युदोत सुरक्षित पडण्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीकडे, हाताचा सपाट फटका मॅटवर आणि डोकं वर. जोरात फेकलं गेल्यावरही हे आपोआप होत असेल, तरच नाव द्या. घाबरून हात मागे टेकवला की मनगट, कोपर किंवा खांदा दुखावतो. नवख्यांच्या बऱ्याच दुखापती अशाच होतात.

प्रशिक्षकांना तीन प्रश्न विचारा. गट वयाचा की पट्ट्याच्या रंगाचा? लढत किती मिनिटांची? गळा आवळण्याच्या आणि हाताचा सांधा पिळण्याच्या पकडींना परवानगी आहे का? मोठ्यांची लढत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 4 मिनिटांची असते. लहान वयोगटांत वेळ आणि पकडींचे नियम बदलतात.

शेवटचा महिना: थोडंच, पण पक्कं

या महिन्यात नवे डाव शिकायचा मोह होतो. तो आवरा. उभ्याने एक डाव, त्याला जोडून दुसरा आणि जमिनीवर एक पकड एवढं पुरे. उदाहरणार्थ, ओ-सोतो-गारी, म्हणजे बाहेरून पाय लावून मागे पाडणं. समोरच्याने पाय मागे घेतला तर लगेच दुसरा डाव. तो पडला की केसा-गातामे, म्हणजे बाजूला बसून मान आणि हात काखेत दाबून धरणं. ही साखळी क्लासमधल्या वेगवेगळ्या उंचीच्या आणि वजनाच्या लोकांवर करून पाहा.

जुडोगी

ज्युदोच्या पोशाखाला जुडोगी म्हणतात. तो सुती असतो आणि धुतल्यावर आटतो. त्यामुळे नवा घेतला असेल तर दोन-तीनदा धुऊन मगच माप बघा. हात समोर सरळ केले की बाही मनगटापर्यंत आली पाहिजे, सदऱ्याने कुल्ले झाकले पाहिजेत आणि गाठीनंतर पट्ट्याची टोकं 20 ते 30 सेंटिमीटर उरली पाहिजेत. मुली आणि महिला आतून पांढरा गोल गळ्याचा टी-शर्ट घालतात.

नखं कापलेली हवीत. अंगठी, कानातलं, धातूची केसपिन काढून ठेवा. लांब केस साध्या रबरबँडने बांधा. या बारीकसारीक गोष्टींवरून ऐन वेळी मॅटबाहेर थांबवतात आणि धावपळीत मन विचलित होतं.

वजन

ज्युदोत वजनगट असतात. मोठ्या पुरुषांचे 60 किलोंखालील गटापासून 100 किलोंवरील गटापर्यंत, महिलांचे 48 किलोंखालील गटापासून 78 किलोंवरील गटापर्यंत, प्रत्येकी सात. पहिल्या स्पर्धेला आपलं नेहमीचं वजन ज्या गटात बसतं, त्यातच उतरा. दोन किलो कमी करायला पाणी तोडलं, तर वजनकाटा खूश होतो, पण दुसऱ्या मिनिटाला पाय जड होतात. वजन झालं की पाणी प्या आणि सवयीचंच काहीतरी हलकं खा. ओळखपत्र आणि जन्मतारखेचा दाखला आदल्या रात्रीच पिशवीत टाका.

वाट पाहणं

मग ड्रॉ निघतो, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी हे ठरतं. पहिल्या फेरीत जोडीदार नसेल तर ‘बाय’ मिळून आपण थेट पुढच्या फेरीत जातो. सकाळी आठला अंग गरम केलं आणि नाव दुपारी पुकारलं, असं सर्रास होतं. म्हणून आपल्या आधी किती लढती आहेत ते मोजत राहा. चार-पाच उरल्या की पुन्हा थोडी धाव, थोडं उकेमी आणि जोडीदाराबरोबर डावात शिरण्याचा सराव करा.

मॅटवर

आधी नाव पुकारलं जातं तो पांढऱ्यात, नंतरचा निळ्यात असतो. स्थानिक स्पर्धेत निळ्या जुडोगीऐवजी वेगळ्या रंगाचा पट्टा बांधूनही ओळख ठेवतात. कडेला वाकून नमस्कार करायचा, आपल्या जागी यायचं आणि प्रतिस्पर्ध्याला नमस्कार करायचा. पंच ‘हाजिमे’ म्हणाले की सुरू. ‘माते’ म्हणजे थांबा. ‘सोरे मादे’ म्हणजे लढत संपली.

पहिले दहा सेकंद पकडीचे असतात. उजव्या हाताने समोरच्याची कॉलर, डाव्याने त्याची बाही. इथली नेहमीची चूक म्हणजे मुठी सगळा वेळ घट्ट आवळून ठेवणं. मिनिटभरात हात भरून येतात आणि डाव मारायच्या वेळी बोटं उघडतात. पकड घ्या, कोपरं सैल ठेवा आणि खेचताना तेवढी मूठ आवळा. मध्येच श्वास रोखला जातो, तोही सोडत राहा.

गुण कसे मिळतात

प्रतिस्पर्धी वेगाने, जोराने आणि आपल्या ताब्यात राहून पाठीवर पडला तर ‘इप्पॉन’ मिळतो आणि लढत तिथेच संपते. त्यात काही कमी राहिलं तर ‘वाझा-आरी’ मिळतो. असे दोन झाले की इप्पॉन होतो. त्याहून खालचा ‘युको’ हा गुण 2025 पासून पुन्हा लागू झाला आहे, पण कितीही युको जमले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही. जमिनीवर पाठ दाबून धरली तर 5 सेकंदांना युको, 10 ला वाझा-आरी, 20 ला इप्पॉन. वेळ संपल्यावर बरोबरी असेल तर ‘गोल्डन स्कोअर’ सुरू होतो. त्यात पहिला गुण मिळवणारा जिंकतो.

तालमीतून आलेल्यांसाठी

आपल्याकडे बरेच जण कुस्तीतून ज्युदोत येतात. त्यांची कंबर आणि तोल उत्तम असतो, पण दोन सवयी महागात पडतात. एक, पट काढायला हात पायाकडे जाणं. उभ्याने हाताने पाय धरला की ‘शिदो’, म्हणजे ताकीद मिळते आणि तिसऱ्या शिदोला लढत जाते. दुसरी, फेकलं गेल्यावर पाठ वाचवायला पूल बांधणं. कुस्तीत ती सुटका ठरते. ज्युदोत पूल बांधून पडलं तर इप्पॉनच धरतात, शिवाय मानेला धोका असतो तो वेगळाच.

डाव न मारता नुसतं अडवत राहणं, विनाकारण मॅटच्या रेषेबाहेर जाणं आणि मनापासून न केलेला खोटा हल्ला, यांनाही शिदो मिळतो. नवखे बहुतेकदा पहिल्या कारणाने सापडतात.

मध्येच थांबणं

सर्वांत मोठी चूक इथे होते. समोरचा पडतो, आपण ‘झालं’ म्हणून सैल पडतो आणि पंचांकडे बघतो. गुण मिळालेलाच नसतो. तेवढ्यात तो उलटतो आणि आपल्यालाच दाबून धरतो. म्हणून डाव लागला की लगेच खाली जाऊन पकड घ्या आणि ‘माते’ ऐकू येईपर्यंत काम चालू ठेवा.

आपण खाली सापडलो तर पंच ‘ओसाएकोमी’ म्हणतात आणि सेकंद मोजले जाऊ लागतात. हातांनी ढकलत बसू नका. कुशीवर वळा, कंबर बाहेर सरकवा आणि त्याचा पाय आपल्या दोन्ही पायांत अडकवा. तो अडकला की पंच ‘तोकेता’, म्हणजे सुटला, असं म्हणतात. गळा आवळला गेला किंवा सांधा पिळला गेला आणि सुटका दिसत नसेल, तर हाताने दोन-तीनदा थोपटा. हात अडकला असेल तर पायाने मॅट थोपटा. यात कमीपणा नाही. गळ्यावरच्या पकडीने काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते.

लढत संपल्यावर

जुडोगी नीट करा, नमस्कार करा आणि मगच मॅट सोडा. हरल्यास लगेच कपडे बदलू नका. अनेक स्पर्धांत ‘रेपेचाज’ असतो, म्हणजे हरलेल्यांपैकी काहींना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. ड्रॉच्या तक्त्यावर नाव नाही याची खात्री करूनच निघा.

पुढच्या सरावाआधी प्रशिक्षकांबरोबर लढतीचा व्हिडिओ बघा आणि निकालाऐवजी तीन गोष्टी तपासा. आपली पकड आधी बसली का? ठरवलेला डाव एकदा तरी पूर्ण मारला का? ‘माते’ होण्याआधी आपण कुठे थांबलो? पुढच्या महिन्यात काय घटवायचं, ते या तीन उत्तरांवरून ठरवा.