पाळी लांबते तेव्हा

मुलीची पाळी महिनोन्‌महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, आणि घरात कुजबूज सुरू होते. हा दैवाचा कोप नव्हे. बहुधा हा पीसीओएस नावाचा विकार असतो. पुष्कळजणींत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते रक्तात वाढते. त्यामुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरके जास्त होतात व बीज वेळेवर सुटत नाही.

मग करायचे काय? वजन जास्त असेल, तर ७० किलोंतले साडेतीन किलो उतरले तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येते. त्यासाठी उपाशी राहू नका. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी खा; गोड चहा, बिस्किटे, फरसाण कमी करा. आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटे झपझप चाला. तीन महिने पाळी आली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. आणि मुलीला बोल लावू नका. तिच्याबरोबर चालायला निघा.