समुद्राची शाळा कुणासाठी?

एप्रिल उजाडला की आमच्या वस्त्यांत जयंतीची वर्गणी सुरू होते आणि सुखवस्तू घरांत उन्हाळी शिबिरांचे अर्ज भरले जातात. पोहणे, चित्रकला यांच्या जोडीला आता समुद्रविज्ञानही आले आहे. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन तिथले जीव दाखवतो. चांगली गोष्ट आहे. आमचा सवाल एवढाच की, रत्नागिरीच्या बौद्धवाडीतील पोराला ही शाळा कधी उघडणार?

गेल्या मे महिन्यात वाडीतील काही मुलांना घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोल जाते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. शंख पाठीवर घेऊन पळणारा खेकडा, खडकाला चिकटलेली कालवं, बोट लावताच मिटणारे समुद्रफूल! दगड उलटला तर बघून झाल्यावर पुन्हा तसाच ठेवायचा, एवढा एकच नियम. एका मुलीने विचारले, "काका, मासा पाणी पितो काय?" आम्ही वकील. कलमे पाठ, पण उत्तर येईना. घरी येऊन पुस्तक काढले. समुद्रातील मासा पाणी पितो. समुद्र त्याच्या रक्तापेक्षा खारट असल्याने त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर जाते. म्हणून तो खारे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीतला मासा जवळजवळ पीतच नाही. असे प्रश्न बाकावर बसून पडत नाहीत, हात ओला झाल्यावरच पडतात.

आणि हात लावणे ही आमच्या समाजासाठी साधी गोष्ट नाही. १८९२ च्या सुमारास याच जिल्ह्यातील दापोलीत महार पेन्शनरांनी मुलांना शाळेत घ्या म्हणून अर्ज केले, तेव्हा त्या मुलांच्या वाट्याला शाळेचा व्हरांडा आला. पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. ज्यांना स्पर्शच नाकारला, त्यांच्या लेकरांना "हात लावून बघ" असे सांगते ते विज्ञान! संविधानाच्या ५१ क अनुच्छेदात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. मग साधने पुरवणे हे सरकारचे कर्तव्य नाही काय?

साधने तर इथेच आहेत. रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ पासून आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे गावकरी आणि वन विभागाने ते काम चालवले. आज पर्यटक लांबून पिल्ले बघायला येतात. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात आहे. तिथल्या किती मुलांनी ती पिल्ले समुद्राकडे जाताना पाहिली असतील?

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी त्याच अमेरिकेत वुड्स होल या किनाऱ्यावरच्या गावात मुलांसाठी उन्हाळी विज्ञानशाळा सुरू झाली. शतक उलटले, ती चालूच आहे. तिला जे शंभर वर्षांपूर्वी सुचले, ते आम्ही आज मागत आहोत.

आमची मागणी सरळ आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहांतील आणि जिल्हा परिषद शाळांतील मुलांसाठी या सरकारी संस्थांनी दर मे महिन्यात मोफत शिबिर घ्यावे. सूक्ष्मदर्शकाखाली समुद्राचा एक थेंब दाखवावा. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास निम्मा ज्या इवल्याशा जीवांमुळे तयार होतो, ते त्यात दिसतात.

पण नुसते सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. जयंतीला डीजेवर हजारो रुपये उडवणाऱ्या मंडळांनो, यंदा त्यातून एक गाडी ठरवा. महाविद्यालयाला पत्र लिहा, ओहोटीची वेळ विचारा आणि वाडीतली पोरे किनाऱ्यावर न्या. व्हरांड्यात बसण्याचे दिवस आपल्या आजोबा-पणजोबांनी संपवले. आता पोरांना घरात बसवून ठेवणारे आपणच आहोत.